रोज १०० किलोमीटर ये-जा असेल, तर पेट्रोल सोडून कोणती गाडी घ्यावी? देवगाव रंगारीचा हिशेब

इलेक्ट्रिक गाडीच्या कुठल्याही रीलखाली दोन कमेंट हमखास सापडतात. पहिली, "हेच भविष्य आहे भावा". दुसरी, "वीज कोळशावरच होते, मग फायदा काय?" दोन्ही बाजूंना शेकडो लाइक असतात आणि आकडे कुणीच देत नाही. तर आज आकडे बघू.

त्यासाठी एक खरा रस्ता घेऊ. कन्नड तालुक्यातलं देवगाव रंगारी ते छत्रपती संभाजीनगर. नोकरी, कॉलेज, दवाखाना, बाजार अशा कामांसाठी या पट्ट्यातले बरेच लोक शहरात ये-जा करतात. येऊन-जाऊन १०० किलोमीटर धरू, म्हणजे हिशेब सोपा जाईल.

आधी धुराचं गणित

एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लहान पेट्रोल गाडी लिटरला १८ किलोमीटर देते असं धरलं, तर आपल्या १०० किलोमीटरला ५.६ लिटर पेट्रोल आणि जवळपास १२.८ किलो कार्बन डायऑक्साइड.

सीएनजी गाडीने किलोला २५ किलोमीटर दिले तर तोच आकडा ११ किलोवर येतो. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे ब्रेक मारताना स्वतःच बॅटरी चार्ज करणारी आणि जमेल तिथे इंजिन बंद ठेवणारी पेट्रोल गाडी. तिने प्रत्यक्ष रस्त्यावर २२ चं ॲव्हरेज दिलं तर साडेदहा किलो. आपल्याकडे या हायब्रिड गाड्या आकाराने मोठ्या आहेत, तरीही हा आकडा आहे, हे लक्षात घ्या.

आता इलेक्ट्रिक. लहान इलेक्ट्रिक गाडीला १०० किलोमीटरसाठी चार्जिंगमधली गळती धरून साधारण १३ युनिट लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशात एक युनिट वीज तयार करताना सरासरी ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १३ गुणिले ०.७३, म्हणजे साडेनऊ किलो.

(पेट्रोलच्या रिफायनरी आणि टँकरचा धूर, तसंच विजेची तारांमधली गळती, हे दोन्ही यात धरलेलं नाही.)

म्हणजे "शून्य प्रदूषण" हा दावा चूक आणि "काहीच फायदा नाही" हाही चूक. पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिस्सा कमी, एवढंच आजचं चित्र आहे. आयसीसीटी या संस्थेने २०२१ साली गाडी बनवण्यापासून भंगारात जाईपर्यंतचा सगळा हिशेब मांडला होता, तेव्हा भारतासाठी हा फायदा १९ ते ३४ टक्के निघाला. युरोपात तोच ६६ ते ६९ टक्के होता. गाडी तीच, फरक विजेचा.

आपल्या भागात परळी आणि भुसावळची औष्णिक केंद्रं सगळ्यांना माहीत आहेत. देशाच्या वीज क्षमतेत कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर गेला, ही बातमी तुम्ही वाचली असेल. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. सोलर रात्री झोपतं, त्यामुळे प्रत्यक्षात सुमारे ७० टक्के वीज आजही कोळशाचीच आहे. आणि आपण गाडी चार्जिंगला लावतो कधी? रात्री जेवण झाल्यावर.

बॅटरीचं कर्ज किती किलोमीटरला फिटतं?

ही गोष्ट जाहिरातीत कधी येत नाही. इलेक्ट्रिक गाडी शोरूममधून बाहेर पडते तेव्हाच तिच्या डोक्यावर जास्तीच्या धुराचं कर्ज असतं, कारण बॅटरी बनवायला भरपूर ऊर्जा लागते. एक किलोवॉट-तास बॅटरीमागे ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड, असा ढोबळ अंदाज धरला जातो. मधला ७५ घेतला तर २४ किलोवॉट-तासाच्या लहान बॅटरीचे १८०० किलो झाले.

घरच्या साध्या विजेवर चार्ज केली तर दर किलोमीटरला पेट्रोलच्या तुलनेत ३३ ग्रॅम वाचतात. १८०० किलो फेडायला जवळपास ५५ हजार किलोमीटर. देवगावहून रोज शहरात जाणारा माणूस वर्षाला ३० हजार किलोमीटर सहज मारतो, म्हणजे त्याचं कर्ज दोन वर्षांत फिटलं. पण गाडी फक्त लग्नकार्याला आणि दिवाळीला बाहेर निघत असेल, वर्षाला ६ हजार किलोमीटर होत असतील, तर नऊ वर्षं! अशा माणसाने आहे ती चांगली पेट्रोल गाडी मोडून पर्यावरणासाठी इलेक्ट्रिक घेतली, तर त्यात पर्यावरणाचं फार भलं होत नाही.

आता तीच गाडी सोलरवर चार्ज करा. किलोमीटरमागे जवळपास सगळेच १२८ ग्रॅम वाचतात आणि कर्ज १४ हजार किलोमीटरला फिटतं. रोजच्या प्रवाशासाठी सहा महिन्यांचंही काम नाही.

मराठवाड्यात आणखी कशाची कमतरता असेल, उन्हाची नाही. एक किलोवॉटच्या पॅनलमधून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. ३ किलोवॉटचे १२. म्हणजे आपल्या रोजच्या १०० किलोमीटरची गरज जवळपास भागली (घरातले पंखे, फ्रिज, मोटर वेगळे). फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. अडचण एकच, पॅनल तापतात तेव्हा गाडी शहरात उभी असते. त्यावर उत्तर नेट मीटरिंग. दिवसा जास्तीची वीज महावितरणला जाते, तिचा हिशेब राहतो आणि रात्री आपण तेवढी वापरतो. गाडी दिवसा घरीच असते त्यांच्यासाठी तर आणखी सोपं. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपयाची सवलतही आहे.

आणि आपला मका?

कन्नड-सिल्लोड हा मक्याचा पट्टा. ऊसही आहे. त्यामुळे इथे इथेनॉलची चर्चा पंपापेक्षा आडत दुकानात जास्त रंगते. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं २०३० चं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं गेलं. म्हणजे तुम्ही ठरवा न ठरवा, हा पर्याय तुमच्या टाकीत आधीच आलेला आहे.

एक क्विंटल मक्यापासून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं. आपल्या १०० किलोमीटरच्या ५.६ लिटर पेट्रोलमध्ये १.१ लिटर इथेनॉल, म्हणजे रोज जवळपास ३ किलो मका गाडी खाते. मक्याला नवीन गिऱ्हाईक मिळालं, ही शेतकऱ्यासाठी चांगलीच गोष्ट. पोल्ट्रीवाले मात्र खाद्य महागलं म्हणून ओरडतायत, तेही खोटं नाही.

उसाचा हिशेब जास्त टोचणारा आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात साखरेपासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २८६० लिटर पाणी लागतं असं म्हटलंय. तुमच्या टाकीतलं इथेनॉल उसाचं असेल, तर एका दिवसाच्या ये-जा मागे ३ हजार लिटरच्या वर पाणी गेलं. चार दिवसांत बारा हजार लिटरचा टँकर. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात, तिथे याला "ग्रीन इंधन" म्हणणं मला तरी जड जातं. २०२३ चा पाऊस कमी पडला तेव्हा केंद्राने त्याच डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले होते. पाऊस गेला की हे इंधनही अडचणीत येतं, ते असं.

शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. ई२० साठी न बनलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी पडू शकतं, हे त्याच अहवालात आहे. जुनी गाडी असेल तर तुमच्या लक्षात आलंच असेल.

हायड्रोजनचं थोडक्यात सांगतो. नितीन गडकरी मार्च २०२२ मध्ये हायड्रोजनच्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले, फोटो सगळीकडे फिरले. पण देवगावच काय, मोठ्या शहरातल्या माणसालाही आज ती गाडी घेऊन रोज भरता येणार नाही. सोडून देऊ.

खिशाला काय परवडतं?

पेट्रोल १०५ रुपये, सीएनजी ९२ आणि घरची वीज युनिटला १२ रुपये धरू. तुमच्याकडचे आजचे भाव टाकून बघा. १०० किलोमीटरला पेट्रोल गाडी ५८८ रुपये, हायब्रिड ४७७, सीएनजी ३६८ आणि इलेक्ट्रिक १५६. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला २२ रुपये मोजले तर २८६.

पेट्रोल आणि इलेक्ट्रिकमध्ये महिन्याच्या २६ फेऱ्यांना ११ हजारांवर फरक पडतो. गाडी घेताना जास्तीचे अडीच लाख गेले असतील तर ते दोन वर्षांच्या आत निघतात. अर्थात रोज पळवणाऱ्याचे. शिवाय राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक कारला समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे.

मग अडतं कुठे? घराच्या मीटरवर. गावाकडच्या कित्येक घरांचा मंजूर भार १-२ किलोवॉटचाच असतो आणि गाडीचा साधा चार्जरच ३ किलोवॉटच्या आसपास ओढतो. भार वाढवून घ्यावा लागतो, अर्थिंग नीट लागतं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं किंवा वीजच गेली तर सकाळी बॅटरी अर्धीच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार असताना एसी लावला की रेंज आणखी खाली येते. वॉरंटीचंही बघा. बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं आधी जे होईल ते, अशी अट सर्रास असते. वर्षाला ३० हजार पळणाऱ्याची वॉरंटी आठ नाही, साडेपाच वर्षांच्या आतच संपते.

एकाच घरात एकच गाडी, चार्जिंगची खात्री नाही आणि मधूनच नाशिक-पुणे करावं लागतं, अशांसाठी मला आज हायब्रिड किंवा सीएनजी जास्त शहाणपणाचं वाटतं. धुराच्या आकड्यात ते साध्या विजेवरच्या इलेक्ट्रिकपासून फार लांब नाहीत, हे वर दिसलंच. सीएनजीत एक सावधानता आहे. न जळता गळालेला मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, म्हणून किटची तपासणी टाळू नका. आणि घरावर सोलर आहे, फेरी रोजची ठरलेली आहे, तर इलेक्ट्रिकच्या जवळपासही दुसरं काही येत नाही.

संभाजीनगरला हे वारं नवं नाही. २०१० मध्ये एकाच वेळी १५० मर्सिडीज घेऊन देशभर गाजलेलं हे शहर. आता बिडकीनला टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केलाय आणि एथरही तिथेच ई-स्कूटरचा कारखाना उभारतंय.

हे सगळे आकडे गाडीत एकटाच माणूस आहे असं धरून आहेत. चौघांनी मिळून तीच पेट्रोल गाडी नेली तर माणशी ३.२ किलो, म्हणजे एकट्याच्या इलेक्ट्रिकच्या एक तृतीयांश. आणि लिटरला साडेचार किलोमीटर देणारी, डिझेलचा काळा धूर सोडणारी आपली लालपरी? ४० प्रवासी धरले तर माणशी दीड किलो.

एसटीची पहिली ई-बस १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर धावली. १९४८ साली पहिली एसटी धावली, तोच मार्ग.