एका जंतूसाठी चार औषधे का?

क्षयरोगाच्या उपचाराचा प्रारंभ आज एकाच वेळी चार औषधांनी होतो. एक प्रभावी औषध पुरेसे का ठरत नाही, या प्रश्नाचे उत्तर जंतूंच्या संख्येत दडलेले आहे.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत केवळ स्ट्रेप्टोमायसिन दिलेले रुग्ण आरंभी झपाट्याने सुधारले. परंतु थोड्याच महिन्यांत अनेकांच्या थुंकीतील जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. १९५० साली ‘पास’ या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर ही आपत्ती पुष्कळच टळली.

फुफ्फुसातील एका पोकळीत सुमारे दहा कोटी जंतू असू शकतात. दर दहा लाखांत एखादा जंतू मूळचाच आयसोनियाझिडला न जुमानणारा असतो. रिफाम्पिसिनबाबत हे प्रमाण दहा कोटींत एक असे धरतात. एकच औषध दिले तर हे मोजके जंतू वाचतात आणि पुढे त्यांचीच प्रजा वाढते. दोन्हींना पुरून उरणारा जंतू मात्र एकावर चौदा शून्ये इतक्या जंतूंत एखादाच. तेवढे जंतू देहात नसतातच. पायराझिनामाइड आम्लयुक्त जागी सुस्त पडलेल्या जंतूंना गाठते, तर एखादे औषध मुळातच निष्प्रभ असल्यास इथाम्ब्युटॉल पाठराखण करते.

तथापि कोणतीही दोन औषधे एकत्र केली म्हणजे बळ वाढते, असे नाही. पेनिसिलिन वाढत्या जंतूंची भित्तिका मोडते. टेट्रासायक्लिन वर्गातील औषध ती वाढच थांबवते. १९५१ साली न्यूमोकोकसजन्य मस्तिष्कावरणदाहात ही जोडी घेतलेल्या रुग्णांत, केवळ पेनिसिलिन घेतलेल्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आढळले. म्हणून औषधांची निवड वैद्यकांचीच असावी.

मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, दाटीवाटीच्या घरांत राहूनही संयुक्त औषधे नियमित घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात. खानदेशातून येऊन यंत्रमागावर राबणाऱ्या नवागामच्या कुटुंबांना हा निष्कर्ष मोठा दिलासा देणारा आहे. अट एकच, ती नियमितपणाची. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि रोजंदारी बुडू नये म्हणून रुग्ण दवाखान्याची वाट सोडतो. तेव्हा शिल्लक राहिलेले जंतू पुन्हा वाढू लागतात; अर्धवट औषधांनी त्यांतील चिवट जंतूंचे फावते, आणि तेच घरातील बालकांपर्यंत पोहोचतात. सरकारी केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. सहा महिन्यांचा हा क्रम पूर्ण करणे, हे रुग्णाचे आपल्या कुटुंबाप्रती पहिले कर्तव्य होय.