जुळ्या कोकरांचं जनुक

दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते, जुळं क्वचित. साताऱ्यातल्या माण-खटावच्या आणि सांगलीतल्या आटपाडी-जतच्या माळांवर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पक्का होता. पाऊस बेताचा, चराई तुटपुंजी आणि वर्षातले कित्येक महिने वाडा घेऊन परमुलखात भटकंती. अशा जगण्यात एकच कोकरू पदरात पडावं आणि ते जगावं, यात धनगराचं समाधान होतं. मग लोकरीचे दिवस सरले. घोंगडीचं गिऱ्हाईक आटलं, मटणाचा भाव चढत गेला आणि घरखर्चाचा सगळा भार कोकरांच्या विक्रीवर आला. मेंढ्या वाढवाव्यात तर चरायला रान कुठे? आहेत तेवढ्याच मेंढ्यांकडून जास्त कोकरं घेता येतील का, हा प्रश्न फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हाती घेतला. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली स्थापलेल्या या संस्थेला सगळे 'नारी' म्हणतात. तिथल्या या कामाला आता तीन दशकं होत आली.

उत्तर दडलं होतं एका ग्रंथीत, म्हणजे मेंढीच्या बीजांडकोशात. पण त्याचा माग सुरू होतो ऑस्ट्रेलियातून. न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळच्या 'बुरूला' नावाच्या मेंढीफार्मवर सीअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या वर्षानुवर्षं निवडून जपल्या होत्या. १९५८ च्या सुमारास त्यांनी त्यातला एक मेंढा तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला दिला. हा मेंढा पाच भावंडांतला. १९८० च्या आसपास पायपर आणि बिंडन या संशोधकांनी दाखवलं की या कळपाची सुपीकता अनेक जनुकांची मिळून आलेली नसून एकाच मोठ्या जनुकाची करामत आहे. हेलन न्यूटन टर्नर यांनी जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा धागा थेट हिंदुस्थानात पोचला. १७९२-९३ साली कलकत्त्याहून सिडनीला बंगाली मेंढ्या गेल्या होत्या. सुंदरबनच्या दलदलीत चरणारी, जेमतेम दहा-पंधरा किलोची आणि सहज जुळी देणारी गरोळ मेंढी त्याच जातकुळीतली.

हे जनुक नेमकं काय करतं, ते कळायला २००१ साल उजाडावं लागलं. त्या एका वर्षात वेगवेगळ्या तीन गटांनी ते ओळखलं. बीएमपीआर-१बी हे त्याचं नाव. पेशीच्या पृष्ठभागावर बसून वाढीचे संदेश झेलणारं प्रथिन ते घडवतं. बुरूला मेंढीत या प्रथिनाच्या साखळीतल्या २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येतं. बदल एवढाच. पुढच्याच वर्षी गरोळ मेंढीतही हुबेहूब हाच बदल सापडला आणि टर्नर यांचा अंदाज खरा ठरला.

गर्भात या संदेशांना फार कामं असतात. हाडं कुठे धरायची, बोटं कशी सुटी व्हायची, बीजपेशी कुठे तयार व्हायच्या, या सगळ्यात हे संदेश आणणाऱ्या बीएमपी कुळातल्या प्रथिनांचा हात असतो. उंदरात हे जनुक पार बंद केलं, तर बोटांची हाडं नीट घडत नाहीत आणि माद्या वांझ निघतात. मेंढीतला बदल त्यामानाने सौम्य. खूर-पाय शाबूत राहतात, फरक पडतो तो बीजांडकोशात. मादी कोकराचा बीजांडकोश आईच्या पोटातल्या पाच महिन्यांतच आकाराला येतो आणि जन्मभराची बीजांडं तिथेच साठतात. बुरूला गर्भांमध्ये या ग्रंथीची वाढ काहीशी रेंगाळते, असं न्यूझीलंडमधल्या अभ्यासात १९९० च्या दशकातच दिसलं होतं.

फळ दिसतं ते मेंढी वयात आल्यावर. एरवी बीजांडाभोवतीची पुटिका चांगली मोठी झाल्याशिवाय पिकत नाही. एखादी मोठी झाली की तिच्या संप्रेरकांमुळे बाकीच्या मागे पडतात. बुरूला जनुकाच्या मेंढीत पुटिका लहान असतानाच पिकतात. एकेकीत पेशी कमी, म्हणून संप्रेरकही थोडं. त्यामुळे मेंदूकडून येणारा हुकूम चालू राहतो आणि दोन-तीन पुटिका एकदम फुटतात. बुरूला मेरिनोमध्ये जनुकाच्या एका प्रतीने दर ऋतुचक्राला साधारण दीड बीजांड जास्त सुटतं, दोन प्रतींनी सुमारे तीन.

फलटणला गरोळ मेंढ्या आल्या त्या १९९० च्या दशकात. डॉ. चंदा निंबकर यांच्या देखरेखीखाली दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांशी त्यांचा संकर सुरू झाला. १९९८ पासून ऑस्ट्रेलियन विद्यापीठं आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांची साथ मिळाली. संकरात पहिली अडचण अंगमासाची होती. जनुक हवं, पण गरोळचं किरकोळ अंग नको. म्हणून पिढ्यामागून पिढ्या पुन्हा दख्खनीकडे वळवत फक्त जनुक तेवढं राखायचं होतं. दुसरी अडचण पारखण्याची. जतच्या माडग्याळ मेंढ्याची किंमत त्याच्या बाकदार नाकावर आणि उंचीवर ठरते. ती डोळ्यांना दिसते. जुळ्यांचं जनुक कुठेच दिसत नाही. मेंढ्याला तर बीजांडकोशच नसतो, तो हे जनुक नुसतं पुढे देतो. पूर्वी त्याच्या लेकी वेतापर्यंत वाढेस्तोवर वाट पाहावी लागे. २००१ नंतर रक्ताच्या थेंबावर निकाल लागू लागला आणि कामाला खरी गती आली.

या सगळ्यातला सर्वांत शहाणा निर्णय मात्र थांबण्याचा होता. दोन प्रती असलेली मेंढी कधीकधी तिळीही देते, पण तिच्या कासेत दोघांपुरतंही दूध कसंबसं असतं. अशक्त कोकरं दगावली, तर धनगराच्या हाती काय लागणार? म्हणून दोन प्रतींचा मेंढा साध्या दख्खनी कळपात सोडायचा, म्हणजे प्रत्येक लेकीला एकच प्रत मिळते, हे गणित पत्करलं गेलं. अशा मेंढ्या वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरं देतात. यातून 'नारी सुवर्णा' हा वाण उभा राहिला आणि त्याचे मेंढे धनगरांच्या वाड्यांवर पोचले. नोव्हेंबर २००८ मध्ये पुण्यात या जनुकावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली. पुढे राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय संस्थेनेही गरोळचं हेच जनुक वापरून 'अविशान' वाण तयार केला.

मागे वळून पाहताना जाणवतं की प्रयोगशाळेचं काम पार पडलं, वाड्यावरचं अजून चालू आहे. एका प्रतीच्या मेंढीला साधा मेंढा लागला, तर तिच्या निम्म्याच लेकींना जनुक मिळतं, पुढच्या पिढीत आणखी निम्म्या. तीन-चार पिढ्या बाजारातून नजरेला भरेल तो मेंढा आणला, की सगळी कमाई नकळत विरून जाते. तपासलेला मेंढा वेळेवर मिळत राहणं, गाभण मेंढीला दावणीला थोडा खुराक आणि जुळ्यांकडे पहिले काही दिवस जातीने लक्ष, एवढी सोय झाली तर माण आणि जतच्या माळावर हे जनुक टिकेल. त्यासाठी आता नव्या शोधाची गरज नाही. रक्ततपासणीची सोय तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत आणली, तरी पुष्कळ झालं.