प्रभात ते किबे लक्ष्मी : पाटी, इमारत आणि पडदा

डिसेंबर २०१४ मध्ये अप्पा बळवंत चौकाजवळचे ‘प्रभात’ बंद झाले, तेव्हा अवघे पुणे हळहळले. ऐंशी वर्षांचा तो संसार होता. इंदूरच्या सरदार किब्यांनी १९३४ साली बांधलेले हे चित्रपटगृह प्रभात फिल्म कंपनीने चालवायला घेतले. १९५३ मध्ये कंपनी बंद पडली, पण दामले कुटुंबाने थिएटर चालू ठेवले. भाडेकराराची मुदत सरली आणि वास्तू मूळ मालकांकडे परत गेली. पेठेतली इतकी मोक्याची जागा, तेव्हा आता खाली दुकाने आणि वर कार्यालये होणार, असे अनेकांनी धरूनच ठेवले होते. प्रत्यक्षात किबे कुटुंबाने डागडुजी करून ‘किबे लक्ष्मी’ या नावाने तिथे पुन्हा सिनेमाच सुरू केला. पाटी उतरली, पडदा राहिला. मग जुने चित्रपटगृह जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे? नाव, इमारत की तिथला चालता व्यवहार? पुण्याचाच दाखला घेतला तर व्यवहाराला पहिला मान द्यावा लागतो. तो चालू असेल तर नाव आणि भिंती यांना आधार राहतो. तो तुटला की दोन्ही उघड्यावर पडतात.

नावापुरते बोलायचे तर पुण्यातल्या थिएटरांनी ती सर्रास बदलली आहेत. बुधवारातले ‘ग्लोब’ पुढे ‘श्रीनाथ’ झाले, ‘लिमये नाट्यचित्रमंदिर’चे ‘विजय’ झाले, डेक्कनवरच्या ‘हिंदविजय’चे ‘नटराज’ झाले. लष्कर भागातले ‘कॅपिटल’ तर २४ जानेवारी १९४३ रोजी क्रांतिकारकांनी केलेल्या बॉम्बस्फोटामुळे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात गेले. पुढे त्याचेही नाव ‘व्हिक्टरी’ झाले. नावे बदलली म्हणून तिकिटाच्या रांगा मोडल्या नाहीत. उलट उदाहरण ‘आर्यन’चे. बापूसाहेब पाठकांनी १९१५ साली मंडईजवळ उभे केलेले आर्यन हे पुण्याचे पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह. तोवर सिनेमा तंबूत दाखवला जाई आणि खेळ संपला की तंबूबरोबर गावाबाहेर जाई. त्याला शहरात हक्काचे घर मिळाले ते इथे. आज त्या जागी वाहनतळ आहे आणि लोक त्याला ‘आर्यन’च म्हणतात. नाव शाबूत आहे, पण त्याच्या आधारे आर्यनमध्ये बसण्याची व्यवस्था कशी होती, पडदा कुठे होता, यातले काहीही कळत नाही.

इमारत मात्र पुष्कळ काही सांगते. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगी पडली तर भडकणारी आणि पाण्यानेही सहज न विझणारी. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने थिएटरला परवाना सक्तीचा केला, त्यामागे आगीची ही धास्ती होती. जुन्या थिएटरांतली प्रोजेक्शनची खोली प्रेक्षागृहापासून जाड भिंतीने तोडलेली असते, तिचे दार वेगळे असते आणि प्रकाशझोत बाहेर पडण्यापुरते झरोके ठेवलेले असतात. आग लागलीच तर हे झरोके मिटून टाकणारी लोखंडी झडप वर टांगलेली असे. आत शेजारी-शेजारी दोन यंत्रे असत. दोन हजार फुटांचे रीळ सुमारे बावीस मिनिटांत संपते. ते संपत आले की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका उमटे आणि ऑपरेटर दुसरे यंत्र चालू करी. ही मांडणी समजावून सांगायला ती खोलीच लागते. छायाचित्रावर भागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की असे असेल तर इमारत वारसा यादीत घालावी, म्हणजे काम झाले. पण यादीत नाव लागले म्हणजे वापर वाचला असे होत नाही. कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ वारसा यादीत होता. तरी २०२२ मध्ये त्याच्या विक्रीची बातमी फुटली आणि कोल्हापूरकरांना रस्त्यावर उतरावे लागले. मुंबईतले १९३८ चे ‘इरॉस’ युनेस्कोच्या जागतिक वारसा परिसरात आहे. त्याचे बाह्यरूप टिकले, अंतरंग मात्र पार बदलून २०२४ मध्ये ते आयमॅक्स म्हणून उघडले. याच्या उलट पुण्यातच प्रभातचा स्टुडिओ पाहावा. १९६० मध्ये तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि प्रभातच्या चित्रीकरणगृहांत विद्यार्थी शूटिंग करू लागले. काम चालू राहिले, म्हणून छप्परही राहिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्रपट जपायला १९६४ पासून पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मग थिएटरांचा अट्टहास कशाला? संग्रहालयाचे मोल वादातीत आहे, आणि जानेवारी २००३ च्या आगीत नायट्रेटवरच्या चित्रपटांचा मोठा साठा जळाला, तेव्हा ते अधिकच उमगले. पण संग्रहालय चित्रपट जपते, चित्रपट पाहण्याची रीत जपत नाही. ‘संत तुकाराम’ला १९३७ मध्ये व्हेनिसला मान मिळाला, हे कागदोपत्री सापडते, तो गावोगावच्या प्रेक्षकांनी भक्तिभावाने कसा पाहिला, हे कुठल्याही डब्यात बंद करता येत नाही. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने प्रभातमध्ये दीर्घ मुक्काम ठोकला. पेठेतल्या बायाबापड्या चालत येऊ शकतील असे, परवडणाऱ्या तिकिटाचे थिएटर होते, म्हणून मराठी चित्रपटाला तो पल्ला गाठता आला. मल्टिप्लेक्समध्ये खेळांच्या वेळा दर आठवड्याला हलतात, तिथे मराठी चित्रपटाला इतकी उसंत क्वचितच मिळते.

उरतो तो मालकाचा आक्षेप, आणि तो टाळून चालणार नाही. शहराच्या मध्यावर हजार-बाराशे खुर्च्यांचे सभागृह अर्धेअधिक रिकामे ठेवणे कोणाला परवडेल? जागेची किंमत चढते, तिकिटाचा दर मात्र प्रेक्षक पाहून ठेवावा लागतो. शहराच्या हौसेचा खर्च एका कुटुंबाने सोसावा, हा न्याय नव्हे. पण त्यावर तोडगे आहेत. वारसा वास्तूच्या मालकाला न वापरलेला बांधकाम हक्क टीडीआर म्हणून विकता यावा, अशी तरतूद राज्याच्या नियमांत आहे. थिएटरांच्या बाबतीत तिला खेळ चालू ठेवण्याची अट जोडता येईल. मोठ्या सभागृहाचे दोन छोटे पडदे करू द्यावेत, सकाळच्या वेळी नाटक, व्याख्याने, शाळांचे कार्यक्रम यांना परवानगी सुलभ करावी. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी आधी १८ टक्के होता, मग १२ झाला आणि आता ५ टक्क्यांवर आला आहे. स्वस्त तिकिटाचे थिएटर ही सार्वजनिक गरज आहे, हे सरकारनेच अशा रीतीने मान्य केले आहे. हाच न्याय मिळकत करालाही लावावा.

किबे लक्ष्मीचे उदाहरण आशादायक असले तरी ते एका मालकाच्या इच्छेवर उभे आहे, आणि इच्छा पिढीगणिक बदलते. म्हणून महापालिकेने उरलेल्या एकपडदा चित्रपटगृहांची यादी करताना ‘इमारत किती जुनी’ या रकान्याआधी ‘खेळ चालू आहेत का, आणि ते चालू राहायला काय लागेल’ हा रकाना भरावा. पुण्याने आर्यनच्या वेळी हा प्रश्न विचारला नाही आणि प्रभातच्या वेळी तो न विचारताच निभावले. दर वेळी असे निभावेल, हे गृहीत धरता येत नाही.