डोंगरवाटेवरील छायाचित्रण

माझ्या वर्गातील एक पेडण्याचा मुलगा चोर्ला घाटात काढलेला फोटो घेऊन एकदा माझ्यापाशी आला आणि हिरमुसल्या चेहऱ्याने म्हणाला, "सर, डोंगर केवढा मोठा होता! आणि इथे बघा, नुसती टेकडी!" त्याची तक्रार अगदी रास्त होती. डोंगर पाहून हरखलेल्या व मागाहून फोटो पाहून खट्टू झालेल्या माणसांची संख्या काही थोडी नसावी. म्हणून आज ह्याच विषयावर चार शब्द बोलावे असे योजिले आहे.

आपण डोंगर पाहतो तेव्हा मन केवळ डोंगरच पाहत असते. वरचे रिकामे आकाश, पायाखालची खडी, ही सारी ते नकळत वगळते. कॅमेऱ्यास अशी निवड करता येत नाही. त्यातून मोबाईलचे नेहमीचे भिंग रुंद आवाक्याचे. ते पुष्कळ प्रदेश सामावून घेते आणि त्यापायी दूरची वस्तू लहान करून टाकते. लांबचे जवळ आणणारे भिंग असल्यास उत्तम. नसल्यास चित्रात डोंगराचे माप ठेवावे. एखादे गवती छपराचे घर, चरणारी गाय, पुढे चाललेल्या सोबत्याची पाठ, एवढे आले की मागचा कडा आपली उंची आपणच सांगू लागतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. सह्याद्रीचा पुष्कळसा भाग लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा बनला आहे. हे थर भर दुपारी फोटोत दिसत नाहीत. सारा कडा एकाच मळकट रंगाने सारवल्यासारखा येतो. सूर्य खाली असताना तिरपी किरणे आली म्हणजे प्रत्येक थराची सावली खालच्या थरावर पडते आणि दगडास उठाव येतो. हवेचेही तसेच. पाऊस सरल्यावर काही आठवडे ती धुतल्यासारखी असते. फाल्गुन-चैत्रात धूळ आणि वणव्यांचा धूर तिच्यात मिसळतो व दूरच्या रांगा पुसट होतात. मला स्वतःला थोडी पुसट रांग आवडते. एकामागे एक डोंगर फिकट होत गेले म्हणजे खोली कळते.

एका दिवसाच्या सहलीस एवढे ज्ञान पुरे. परंतु पाठीवर बिऱ्हाड घेऊन तीन-चार दिवस चालायचे म्हटले की खरी अडचण उभी राहते. उजेड चांगला तो सकाळी आणि सायंकाळी, आणि नेमक्या त्याच वेळी चालणाऱ्यांना एक तर सामान आवरायचे असते, नाही तर काळोखापूर्वी मुक्काम गाठायचा असतो.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक व मोठे विद्यार्थी थिवीला गाडीत बसून ठाण्यास उतरलो आणि तेथून कसाऱ्यामार्गे बारी गावी पोहोचलो. कळसूबाई, मग रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड असा बेत होता. कात्राबाईच्या खिंडीत दुपार कलली होती. समोर हरिश्चंद्रगडाची रांग पसरलेली. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," असे म्हणून मी मागे थांबलो. एक मुलगा हौसेने माझ्यासोबत राहिला. हवा तो उजेड आला, हवा तो फोटो मिळाला. पण उतरताना अंधार पडला, कारवीच्या झाडीत वाट चुकली आणि त्या मुलाचा पाय मुरगळला. त्याला आधार देत कुमशेतच्या वाडीत पोहोचेतो मंडळी कंदील घेऊन शोधावयास निघाली होती. कोणी मला बोलले नाही. तो फोटो चांगला आला आहे. तरी तो मी भिंतीवर लावलेला नाही.

पुढल्या खेपेस आम्ही एक नियम केला: फोटो काढणाऱ्याने मागे रेंगाळायचे नाही, जोडीदारासह पुढे निघायचे. अर्धा तास आधी निघालेला माणूस अर्धा तास थांबू शकतो. मंडळी येऊन मिळाली की त्याने कॅमेरा बंद करायचा. पहाटेच्या मिस्सेला उठण्याची सवय येथे फार उपयोगी पडली.

ओझ्याची गोष्ट निघाली की मला सॅम्युएल बोर्न आठवतो. १८६३ साली हिंदुस्थानात आलेल्या ह्या इंग्रज छायाचित्रकाराने हिमालयात तीन मोठे प्रवास केले आणि १८६६ साली सुमारे १८,६०० फुटांवरील मणिरंग खिंडीत फोटो घेतले. त्या काळी काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुवायचा. काचा, बाटल्या, तंबू वाहण्यास हमालांचा तांडा लागे. आपणांस एक कॅमेरा, एक जादा बॅटरी आणि एक कोरडे फडके पुरते. बॅटरी मात्र थंडीत लवकर मंदावते. रात्री ती अंथरुणात जवळ घेऊन निजावे. पाण्याची बाटली कमी करून भिंग वाढविण्याचा मोह कोणी धरू नये.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी तो सावलीत असतो. त्याची अंतर्वक्र कमान उजळते ती दुपारनंतर. तेथे काठाशी उभे राहू नये. पालथे पडून पाहावे, आणि पडद्याकडे बघत मागे-पुढे सरकणे तर कटाक्षाने टाळावे.

ह्याच गडाच्या कड्यावरून दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन कर्नल साइक्स यांच्या १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात आहे. आपल्याकडे त्यास इंद्रवज्र म्हणतात. पाठीशी खालचा सूर्य आणि समोर दरीत धुके असले म्हणजे आपली सावली धुक्यावर पडते व तिच्या मस्तकाभोवती रंगांचे कडे उमटते. धुक्याचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाश आल्या वाटेने मागे फिरवितात म्हणून हे घडते. मौज अशी की प्रत्येकास कडे दिसते ते स्वतःच्याच मस्तकाभोवती, शेजाऱ्याच्या नव्हे!

आम्हांस ते दोन्ही खेपांना दिसले नाही. नाताळात आकाश निरभ्र, कोकण स्वच्छ दिसत होते. धुके हवे तर चतुर्थीच्या सुट्टीत जावयास हवे; पण त्या दिवसांत कात्राबाईची वाट निसरडी, आणि चतुर्थीला घर सोडून डोंगरात येईल असा मुलगा मला अवघ्या बारदेशात मिळावयाचा नाही.