हात न लावता माया

गोल्डफिश, गप्पी आणि एंजल मासे यांनी आपल्या दिवाणखान्यांतील काचेच्या टाक्या गेली कित्येक वर्षे व्यापल्या आहेत. आता त्या टाक्यांत एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. त्याचे नाव ॲक्सोलॉटल. वीतभर लांबीचा, चार पायांचा, गुलाबीसर पांढऱ्या अंगाचा आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले मिरविणारा हा जलचर मासा नव्हे. तो बेडकाच्या दूरच्या नात्यातला, सॅलमँडर कुळातला उभयचर आहे. २०२१ साली ‘माइनक्राफ्ट’ या मुलांच्या लाडक्या संगणक-खेळात त्याचा प्रवेश झाला आणि ज्याचे नाव आपल्या पिढीने कधी ऐकले नव्हते, तो प्राणी नातवंडांच्या वाढदिवसाच्या मागण्यांत येऊन बसला. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीतील एका घरी अशी एक टाकी आहे. ती पाहावयास येणारा, मग तो सात वर्षांचा असो वा सत्तर, पहिला प्रश्न एकच विचारतो: याला हातात घेता येते का?

प्रश्न साधा आहे, पण आपल्या घरांच्या दृष्टीने त्यात बरेच काही दडलेले आहे.

हात पुढे होण्यास कारण आहे. ॲक्सोलॉटलच्या तोंडाची ठेवणच अशी की तो सदैव हसतो आहे असे वाटते. ते हास्य नव्हे, जबड्याचा आकार आहे. तो भुकेला असतानाही तसाच दिसतो आणि आजारी असतानाही. शिवाय तो आयुष्यभर बालरूपातच राहतो. बेडकाचे पिल्लू मोठे होताना शेपूट आणि कल्ले टाकून जमिनीवर येते. हा मात्र कल्ल्यांसह पाण्यातच प्रौढ होतो आणि त्याच रूपात त्याला पिल्लेही होतात. बाळासारखा चेहरा, हसरे तोंड, मंद हालचाल आणि कोणी काचेजवळ आले की पुढे सरकण्याची सवय. एवढे सगळे एकत्र आल्यावर माणसाच्या तळहाताला शिवशिव सुटली तर नवल नाही. कुत्र्यामांजरांनी आपल्याला हीच भाषा शिकविली आहे: माया म्हणजे कुरवाळणे.

परंतु ही भाषा या जीवाला मुळीच कळत नाही. त्याच्या अंगावर खवले नाहीत, केस नाहीत. आहे ती एक पातळ, ओलसर त्वचा आणि तिच्यावर बुळबुळीत द्रवाचे नाजूक आवरण. ही त्वचाच त्याचे चिलखत. कल्ल्यांबरोबर तो त्वचेनेही श्वास घेतो. आपल्या तळहातावर साबणाचा, सॅनिटायझरचा, क्रीमचा जो अंश उरतो तो थेट या त्वचेत उतरतो. आणि बोटांच्या घर्षणाने ते आवरण खरवडले गेले की बुरशी व जंतूंना वाट मोकळी होते. त्याच्या सांगाड्याचा बराच भाग कूर्चेचा असतो. तो निसटू नये म्हणून आपण जी पकड किंचित घट्ट करतो, तीच त्याला इजा करू शकते. पाण्यातील सूक्ष्म हालचाल टिपणारी इंद्रिये त्याच्या कातडीवर ओळीने मांडलेली असतात. आपल्या दृष्टीने हळूच पाण्यात घातलेला हात हा त्याच्या दृष्टीने लहानसा भूकंपच.

त्यात उष्णतेची भर. ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २४ अंशांच्या पुढे त्याच्या जिवाला घोर लागतो. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश. तळहात त्याहून काहीसा थंड असला तरी त्या प्राण्याला तो तापलेल्या तव्याच्या जातीचाच. आपल्या शास्त्रांत स्पर्शाचे आठ प्रकार सांगितले आहेत: शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष, लघु-गुरू, मृदू-कठोर. पाठशाळेत ते आपण घोकून पाठ केले. ॲक्सोलॉटलच्या बाजूने विचार केला तर आपला प्रेमळ हात उष्ण, रूक्ष, गुरू आणि कठोर असा चारही अंगांनी नकोसा ठरतो. मृदू वाटतो तो फक्त आपल्याला.

कोणी म्हणेल, हा प्राणी तर तुटलेला पाय पुन्हा उगवतो, मग एवढे काय? ते खरे आहे. पाय, शेपूट, इतकेच नव्हे तर हृदयाचा आणि मज्जारज्जूचा इजा झालेला भागही तो पुन्हा घडवू शकतो. याच गुणामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत तो दीडशे वर्षांहून अधिक काळ पाळला जात आहे. पण जखम भरून येते म्हणून ती करण्यास हरकत नाही, हा हिशेब कोणत्या धर्मात बसतो?

आता आपल्या परंपरेकडे वळतो. ‘संघट्टा’ हा शब्द आपल्या घरांत अजून जिवंत आहे. साधू-साध्वीजी गोचरीस आले असता कच्च्या पाण्याला, हिरव्या भाजीला, धान्याच्या दाण्याला हात लागलेला असेल तर त्या हाताने दिलेला आहार ते घेत नाहीत. तो असूझता होतो. स्पर्श झाला एवढेच त्याचे कारण. सामायिकापूर्वी आपण जे इरियावहियं सूत्र म्हणतो त्यात जीवाच्या विराधनेचे दहा प्रकार मोजले आहेत, आणि प्राण घेणे हा त्यातला अगदी शेवटचा आहे. त्याआधी जे नऊ येतात त्यांत स्पर्शून पीडा देणे आहे, थकविणे आहे, भय घालणे आहे आणि एका स्थानावरून दुसऱ्या स्थानी हलविणेही आहे. टाकीतील प्राणी उचलून तळहातावर ठेवण्याच्या दोन मिनिटांच्या कौतुकात यांतील किती प्रकार घडतात, हे ज्याने त्याने मोजावे. हे सूत्र मी पन्नासएक वर्षे म्हणत आलो आहे. त्यातील ‘हलविणे’ या शब्दाचा इतका नेमका अर्थ मात्र मला या टाकीपुढे उभे राहून लागला.

त्या घरातील मुलगा अकरा वर्षांचा. एका सायंकाळी मी बसलो असता त्याने विचारले, “आजोबा, मी आलो की तो काचेजवळ येतो. म्हणजे त्याला मी आवडतो ना?”

मी म्हटले, “तू आलास की खायला मिळते, एवढे त्याला ठाऊक आहे.”

तो हिरमुसला. “पण मग एकदाच, एक बोट लावू?”

उत्तर त्याच्या आजीने दिले. “बाळा, साध्वीजी दारात उभ्या असतात तेव्हा तू नळाला हात लावतोस का रे?”

“नाही. असूझतं होतं.”

“मग हेही तसंच धर. याचा संघट्टा नाही करायचा.”

मुलगा गप्प झाला; पटले म्हणून की शब्द ओळखीचा निघाला म्हणून, कोण जाणे. आजींची तुलना काटेकोर तोलली तर थोडी सैल आहे. गोचरीच्या नियमात अप्काय आणि वनस्पतिकाय जीवांची जपणूक आहे, शिवाय साधूंच्या आचाराचा प्रश्न आहे. येथे समोर पंचेंद्रिय तिर्यंच आहे आणि त्याची कातडी सोलवटण्याचा प्रश्न आहे. तरीही मला ती तुलना पशुवैद्याच्या पत्रकापेक्षा उपयोगी वाटली. पत्रक सांगते, हात लावू नका. आजींनी सांगितले की हात न लावणे हीच आपल्या घरातील आदराची जुनी रीत आहे. ज्या मुलाला तो संयम रोजच्या व्यवहारात दिसतो, त्याला तो शिक्षा वाटत नाही.

प्रत्यक्ष हलविण्याची वेळ आली तर काय करावे, यालाही आपल्याकडे नमुना आहे. जमिनीवरील मुंगी बाजूला करताना आपण चिमटीत धरीत नाही. पूंजणीने हळुवार सारतो. त्याच यतनेने, टाकी धुवायची असेल तेव्हा तिच्यातीलच पाण्यात एखादा रुंद डबा बुडवावा, प्राण्याला त्यात आपणहून शिरू द्यावे आणि पाण्यासकट डबा उचलावा. जाळीदेखील शक्यतो टाळावी, कारण कल्ले आणि बोटे तिच्यात अडकतात. नळाचे पाणी क्लोरिन घालविल्याशिवाय वापरू नये. पुण्याचा एप्रिल-मे तर कसोटीचाच. बाहेर पारा चाळिशीला टेकतो तेव्हा टाकीचे पाणी १८ अंशांवर ठेवण्यासाठी चिलर नावाचे यंत्र दिवसरात्र चालवावे लागते, आणि बिबवेवाडीत वीज गेली की घरातील माणसे बर्फाच्या बाटल्या घेऊन टाकीभोवती उभी राहतात. हे विकत घेताना दुकानदार सहसा सांगत नाही.

बँकेत ‘सेफ कस्टडी’ नावाची एक सेवा असे. ग्राहक पेटी वा पाकीट स्वतःची लाखेची मोहर लावून आणून देई. आम्ही पावती देऊन ते दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात, तिजोरीत ठेवीत असू. वर्षानुवर्षे सांभाळलेल्या त्या पेटीत काय आहे ते उघडून पाहण्याचा अधिकार आम्हाला नसे, आणि चांगल्या अधिकाऱ्याला तशी इच्छाही होत नसे. सांभाळणे आणि हाताळणे ही दोन निरनिराळी कामे आहेत.

नोटांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने ५० पेसोची नवी नोट काढली. तिच्यावर ॲक्सोलॉटलचे चित्र आहे. आंतरराष्ट्रीय बँकनोट सोसायटीने त्या वर्षीची सर्वोत्तम नोट म्हणून तिचा गौरव केला, आणि तेथील कित्येक लोक ती खर्च न करता घरात जपून ठेवतात. नोट जपली जाते, प्राणी मात्र नाही. मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्को येथील कालव्यांचे पाणी हे त्याचे एकमेव नैसर्गिक घर उरले आहे. तेथील राष्ट्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या मोजणीत १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ साली ३६. सांडपाणी आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे यांनी ही गत केली. मूळचा प्राणी काळपट तपकिरी असतो. आपल्याला मोहविणारा गुलाबी-पांढरा रंग हा बंदिवासातील पैदाशीचा परिणाम आहे. जगभरच्या टाक्यांत तो असंख्य, स्वतःच्या घरात मात्र मोजका.

येथवर स्पर्शाचे झाले. पण जैन घरात यापेक्षा अवघड गाठ पुढे आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. ॲक्सोलॉटल पूर्णपणे मांसाहारी आहे. गांडुळे, किड्यांच्या लाल अळ्या, किंवा माशांच्या भुकटीपासून केलेल्या गोळ्या हाच त्याचा आहार, पर्याय नाही. गांडुळ बेइंद्रिय जीव आहे हे आपल्याकडील लहान मूलही सांगेल. खायला घालावे तर हिंसा; न घालावे तर पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी अन्नपाननिरोध घडतो; आणि कोंडून ठेवणे हा बंध तर मुळातच झालेला. जो प्राणी घरी आला आहे त्याला उपाशी ठेवता येणार नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. गोळ्या घालून, डोळ्यांआड केलेल्या हिंसेचे समाधान मानण्यातही मला काही अर्थ दिसत नाही. म्हणूनच ज्यांनी अजून आणला नाही त्यांनी आणू नये, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी नर-मादी एकत्र ठेवू नयेत. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते.

पर्युषणात जीव सोडविण्याची आपली प्रथा पुण्याची आहे. तिच्या भरात कोणी हा प्राणी कात्रजच्या तलावात सोडण्याचा विचार करील, म्हणून आधीच सांगून ठेवतो: ते अभयदान होणार नाही. आपल्या उन्हाळ्यातील कोमट, गढूळ पाण्यात तो जगणार नाही, आणि जगला तर तेथील बेडकांची पिल्ले व लहान मासे खाईल. टाकीत वाढलेले रोगही त्याच्याबरोबर पाण्यात उतरतील.

कायद्याचीही बाजू आहे. ॲक्सोलॉटल हा वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा परदेशी प्राण्यांची नोंद बंधनकारक केली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार ती ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावयाची असते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली वा तो मेला तरी कळवावे लागते. विकत घेतल्याची पावती नसलेल्या प्राण्याची नोंद करताना काय अडचणी येतात, हे खातेदाराचे कागदपत्र तपासण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

आणखी एक आकडा मुलाच्या वाढदिवसाआधी आईवडिलांनी विचारात घ्यावा. नीट जपला तर ॲक्सोलॉटल दहा ते पंधरा वर्षे जगतो. अकरा वर्षांच्या मुलासाठी आणलेला प्राणी तो मुलगा पदवी घेऊन नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावरही टाकीत असेल. तोवर दर आठवड्याला पाणी बदलणारे, चिलरचे बिल भरणारे आणि मे महिन्यात बर्फाच्या बाटल्या गोठविणारे हात बहुधा आजीचेच असतील.