आतषबाजीचें छायाचित्रण

दिवाळींत आकाशांत फुटणारा बाण पाहून डोळे निवतात. पण त्याचें छायाचित्र घ्यावें, तर फिल्मवर पुष्कळदां चार पांढरे ठिपके तेवढे उमटतात. असें कां व्हावें?

आपला डोळा ठिणगीची वाट जोडून पाहतो. कॅमेऱ्याची झडप मात्र सेकंदाच्या साठाव्या भागांत मिटते, आणि तेवढ्यांत ठिणगी फारशी पुढें गेलेली नसते. म्हणून झडप उघडी ठेवली पाहिजे. रात्रीचें आकाश ही काळी पाटी आणि ठिणगी हा खडू असें समजा. खडू चालेल तितकी रेघ वाढेल.

यांतूनच एक महत्त्वाचा नियम निघतो. ठिणगी कोणत्याहि एका बिंदूवर क्षणभरच असते. तेव्हां झडप अधिक वेळ उघडी ठेवल्यानें रेघ लांबते, उजळ होत नाहीं. तिचा उजळपणा भिंगाच्या छिद्रावर अवलंबून असतो. आयएसओ १०० ची फिल्म असल्यास छिद्र एफ ८ ते एफ ११ ठेवावें. तें फार मोठें केलें, तर स्ट्रॉन्शियमचा तांबडा आणि बेरियमचा हिरवा, दोन्ही रंग पांढुरके होऊन जातात. भुईनळ्याची गोष्ट निराळी. त्याच्या ठिणग्या एकाच जागीं पुनःपुन्हां येतात. तेथें एफ १६ आणि दोनतीन सेकंद पुरेत.

आतां कृति. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा. बाणासाठीं भिंग अनंतावर लावावें. भुईनळ्यासाठीं अंतर मोजून. झडपेचा कांटा ‘बी’वर ठेवावा. हें अक्षर ‘बल्ब’ या शब्दाचें. पूर्वीं रबरी फुगा दाबून हवेच्या जोरानें झडप उघडीत, त्याची ही खूण. हल्लीं तेंच काम केबल रिलीजनें होतें. बाण सुटतांच झडप उघडावी, फुलें विझतांच मिटावी. एकाच चित्रांत दोनतीन बाण हवे असल्यास मधल्या वेळांत भिंगापुढें काळा पुठ्ठा धरावा. भिंगास त्याचा स्पर्श होऊं देऊं नये. वारा पाठीशीं घ्यावा आणि पहिल्या बाणांसच गांठावें. मागाहून धूर सांचून आकाश राखी दिसूं लागतें.

रिळाचें पहिलें चित्र दिवसाउजेडीं घ्यावें. नाहींतर काळोख्या चौकटींच्या कडा न दिसल्यामुळें फिल्म धुणाऱ्याची कात्री नेमकी चित्रावर चालण्याचा संभव असतो.

रिळांत चित्रें अवघीं ३६, आणि काय साधलें तें फिल्म धुतल्यावरच कळतें. म्हणून प्रत्येक चित्राचें छिद्र व सेकंद वहींत टिपून ठेवावे. लक्ष्मीपूजनाची अमावास्या वर्षांतून एकदांच येते. तें टिपण पुढील वर्षीं तुमचा गुरु होईल. शेवटीं एक सांगतों. डोळा कॅमेऱ्यास लागलेला असतां मुलांच्या हातांतील फुलबाजीकडे लक्ष राहत नाहीं; त्यासाठीं घरचें वडील माणूस जवळ उभें असूं द्या. चित्र पुढच्या वर्षींहि मिळेल.