हत्तीण, सिमकार्ड आणि सोडून जायचा हक्क

आजचा भाग एका फोन कॉलपासून सुरू करतो.

२०२५ चा ऑगस्ट, पहिला आठवडा. मी मीटिंगमध्ये होतो आणि जयसिंगपूरच्या मामाचे तीन मिस्ड कॉल. घाबरून फोन केला, तर मामा म्हणतो, "अरे भाच्या, ते पोर्ट का काय असतंय, ते करून दे. आत्ताच्या आत्ता."

आता आमचा मामा म्हणजे फोनमध्ये साधा अपडेट आला तरी मला विचारल्याशिवाय बटण न दाबणारा माणूस. रेंज चांगली होती, प्लॅन परवडत होता. तरी त्याला कंपनी बदलायची होती, आणि कारण होतं हत्तीण.

कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात. शिरोळ तालुक्यात नांदणीला जैन मठ आहे. तिथली हत्तीण महादेवी, म्हणजे माधुरी, तीस वर्षांहून जास्त काळ गावात होती. तिच्या तब्येतीचा आणि तिला ठेवण्याच्या पद्धतीचा मुद्दा कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तिला गुजरातमध्ये जामनगरला हलवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयातही मठाला दिलासा मिळाला नाही, आणि जुलैच्या शेवटी ती वनताराला गेली. वनतारा रिलायन्सचं. मग लोकांनी राग काढला जिओवर. गावोगावी सिम पोर्ट करायची मोहीम निघाली. नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर ऑफिसपर्यंत पायी मोर्चाही आला.

हत्तीण कुठे असावी, यावर आज मी बोलणार नाही. त्या वादात दोन्हीकडे प्रामाणिक माणसं आहेत. मला बोलायचंय त्या पोर्टच्या मेसेजबद्दल.

आपल्याला राग आला की आपण काय करतो? स्टेटस ठेवतो. रीलखाली चार शिव्या हाणतो. ॲपला एक स्टार देतो. पण दुसऱ्या दिवशी तेच ॲप परत उघडतो. इथे मात्र लोक खरोखर सोडून गेले. हे कसं जमलं?

कारण २०११ पासून देशभर नियम आहे की कंपनी बदलली तरी नंबर तुमच्याकडेच राहणार. नंबर पोर्टेबिलिटी. त्याआधी कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा. मग बँक, गॅस, नातेवाईक, सगळ्यांना नवा नंबर सांगत बसा. लोक वैतागायचे, पण तिथेच राहायचे.

आता आतून कसं चालतं बघा. तुम्ही इंग्रजीत पोर्ट लिहून, स्पेस देऊन, पुढे आपला नंबर टाकून १९०० ला मेसेज करता. आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात गेलं की सर्कलमधल्या सर्कलमध्ये तीन कामाच्या दिवसांत काम होतं. गंमत म्हणजे हा कोड तुमची जुनी कंपनी बनवत नाही. डिसेंबर २०१९ पासून ते काम मधल्या स्वतंत्र यंत्रणेकडे आहे. ती जुन्या कंपनीकडून ठरलेल्या गोष्टी तपासून घेते: नंबर घेऊन ९० दिवस झालेत का, पोस्टपेडचं बिल थकलंय का, असं. सगळं ठीक असेल तर कोड येतोच. जुनी कंपनी "बघू, करू" म्हणत लटकवू शकत नाही.

आणि कॉल? पूर्वी नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी कळायची. आता कॉल लावला की आधी एका डेटाबेसमध्ये पाहिलं जातं, हा नंबर सध्या कुणाकडे आहे, आणि कॉल तिकडे वळतो. बिऱ्हाड हललं तरी पोस्टमनला नवा पत्ता माहीत असतो, तसंच.

मामाचं झालं पोर्ट. फुकट नाही झालं, उरलेला रिचार्ज बुडाला. नवीन सिम टाकल्यावर यूपीआय ॲपनं परत नंबर तपासून मागितला, त्यात एक संध्याकाळ गेली. पण मामा खूश.

मग मला म्हणाला, "आता ते व्हॉट्सॲप पण बदलूया." मी म्हटलं, मामा, तिथं हात टेकले. तुम्ही सिग्नलवर गेलात तर एकटेच बसाल. भावकीचा ग्रुप, दूध संस्थेचा ग्रुप, नातवाच्या शाळेचा ग्रुप, सगळे इकडेच राहणार. जानेवारी २०२१ मध्ये प्रायव्हसी पॉलिसीवरून केवढा गोंधळ झाला होता, आठवतोय? मीही सिग्नल टाकलं होतं. चार मित्र आले, दोन महिन्यांत सगळे परत.

आणि हे तांत्रिक कारणामुळे अडलंय असं समजू नका. मी रोज सॉफ्टवेअरच लिहितो. फोनपेवरून गुगल पेवाल्याला पैसे जातातच की. कारण यूपीआयच्या आखणीतच ते बसवलंय. युरोपात कायदा झाला, त्यामुळे व्हॉट्सॲपला तिथे दुसऱ्या मेसेजिंग ॲपसाठी दार उघडावं लागतंय. आपल्याकडे २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात स्वतःचा डेटा उचलून दुसरीकडे न्यायचा हक्क होता. २०२३ मध्ये जो कायदा मंजूर झाला, त्यात तो नाही. यावर कुठे मोर्चा निघाला? मलाही तेव्हा कळलं नव्हतं, खरं सांगतो.

ऑगस्टच्या त्या आठवड्यातच सरकारची बैठक झाली, वनताराची माणसं कोल्हापुरात आली आणि नांदणीजवळ हत्तींसाठी केंद्र उभारायचा प्रस्ताव पुढे आला. ते मोर्च्यामुळे, सह्यांमुळे की सिममुळे, हे वेगळं काढता येत नाही. आणि त्या मोहिमेत एक गोष्ट मला खटकलीही. गॅलरीत बसलेल्या पंधरा-वीस हजार पगाराच्या पोरावर लोक ओरडत होते. भावा, त्यानं हत्तीण नेली होती का? पोर्ट करा, पण त्याला चहा पाजून करा.

तर मुद्दा एवढाच. सोडून जाता येतं, तिथंच आपल्या रागाला किंमत येते. नाहीतर तो नुसता स्टेटस, चोवीस तासांत गायब. म्हणून पुढच्या वेळी ॲपवर वैतागलात, तर एक स्टार देऊन थांबू नका. हा प्रश्न विचारा: मी इथून माझं सगळं घेऊन बाहेर पडू शकतो का? आणि नसेल, तर तो हक्क मागायला कुणाकडे जायचं? मत मागायला दारात येणाऱ्याला तरी विचारा.

तुमच्या घरी कुणी पोर्ट केलं होतं का, आणि परत आले का, हे मला नक्की कळवा. मामा अजून नव्या कंपनीतच आहे. रेंजसाठी गच्चीवर जातो, पण परत फिरायचं नाव काढत नाही.

भेटू पुढच्या भागात!